सायकलचे ब्रेक आणि मुलींची लस

"बाई, एवढ्याशा पोरीला ही लस कशाला?" एचपीव्ही लसीचा विषय निघाला की पालकांचा हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्तच आहे. पण 'डॉक्टर सांगतात म्हणून' एवढं उत्तर देऊन भागत नाही. खरं उत्तर आपल्या पेशींमध्ये आहे.

शरीरात सतत नव्या पेशी तयार होतात. ही वाढ कुठेतरी थांबावीही लागते. ते काम करणाऱ्या जनुकांना ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारी जनुके म्हणतात. सायकलचे ब्रेकच म्हणा ना! आरबी हे जनुक पेशीला विनाकारण विभागू देत नाही. पी५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवतं आणि दुरुस्ती जमली नाही तर तिला संपवतं.

काहींचा ब्रेक जन्मापासूनच कमजोर असतो. बीआरसीए१ या जनुकातला दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येऊ शकतो. त्यामुळे मुलीला स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गोष्ट वेगळी आहे. तिथे ब्रेक बहुधा शाबूत असतो, एचपीव्ही विषाणू बाहेरून येऊन तो निकामी करतो. विषाणूचं ई६ हे प्रथिन पी५३ नष्ट करवतं, ई७ हे आरबीला अडवतं. या कर्करोगामागे हा विषाणू आहे हे दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हौझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता लक्षात घ्या, लस तुटलेला ब्रेक जोडत नाही. ती विषाणूला शिरकावच करू देत नाही. हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. म्हणून लस त्याच्या कितीतरी आधी, ९ ते १४ या वयात द्यायची. तहान लागल्यावर विहीर खोदून उपयोग नाही.

माझं स्पष्ट मत आहे, पालकसभेत या विषयाला दहा मिनिटं द्यायलाच हवीत, आणि तेव्हा वडीलही समोर बसलेले हवेत. लाजेपोटी आपण गप्प बसलो तर किंमत मुली मोजतील. लस सगळ्याच प्रकारच्या एचपीव्हीला रोखत नाही, त्यामुळे तिशीनंतर तपासणी हवीच. मुलीच्या लशीसाठी दवाखान्यात जाल, तेव्हा आईच्या तपासणीचंही विचारून या.