पळून कोण गेले?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी अभ्यासवर्गाला गेलो होतो. विषय रोजगाराचा होता, पण चर्चा वळली ती वैमानिकांकडे. एका तरुण कार्यकर्त्याने आवेशाने विचारले, ‘सर, महिन्याला लाखांनी पगार घेणारे हे लोक आखातातल्या कंपनीने चार पैसे जास्त दाखवताच राजीनामा फेकून चालते होतात. इकडे विमाने रद्द होतात, माणसे विमानतळावर ताटकळतात. अशांचे पासपोर्ट जप्त का करू नयेत?’ सभेतल्या निम्म्याअधिक माना डोलल्या. भांडवलदारांच्या वृत्तपत्रांत हा सूर उमटला असता तर मला आश्चर्य वाटले नसते. तो आपल्याच अभ्यासवर्गात उमटला, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमानुसार, नोकरी सोडू इच्छिणाऱ्या कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस दिली पाहिजे. नोटीस न देता गेल्यामुळे उड्डाणे रद्द झाली व प्रवाशांचे हाल झाले, तर ते कृत्य सार्वजनिक हिताच्या विरुद्ध मानले जाते. 2023 मध्ये आकासा एअर या कंपनीचे 43 वैमानिक अचानक गेले, तेव्हा कंपनीने याच नियमाचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली. 2025 मध्ये तर परदेशी कंपन्या आपले अनुभवी वैमानिक व तंत्रज्ञ पुरेशी सूचना न देता पळवतात, ही तक्रार भारत सरकारने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे नेली.

आता दुसरी बाजू पाहा. मालकाने कामगाराला कमी करायचे, तर आपल्या कायद्यात सर्वसाधारणपणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार हातावर ठेवला की पुरते. मोठ्या कारखान्यात ही मुदत तीन महिन्यांची. वैमानिकाने जायचे, तर मात्र बारा महिने! आणि खुद्द कंपनीच बंद पडली तर? किंगफिशरची विमाने 2012 च्या ऑक्टोबरात जमिनीवर बसली. कर्मचारी थकलेल्या पगाराची वाट पाहत राहिले आणि 2016 च्या मार्चमध्ये मालक देश सोडून गेले. मुंबईच्या जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 रोजी शेवटचे उड्डाण केले. तिच्या वैमानिकांचे पगार त्याआधीच काही महिने थकले होते. 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट दिवाळखोरीच्या दारात गेली आणि तिची उड्डाणे एका रात्रीत थांबली. यांपैकी कोणत्या मालकाने आपल्या नोकरांना एक वर्षाची नोटीस दिली होती? त्या दिवशी विमानतळावर ताटकळलेले प्रवासी प्रवासी नव्हते काय? मग सार्वजनिक हित हा शब्द तेव्हा कोणत्या फायलीत झोपला होता?

‘पण देशाने त्यांना शिकवले’, असे म्हटले जाते. हे विधान कोणत्या काळाविषयी केले जाते, ते तपासले पाहिजे. 1953 मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हापासून 1994 मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत वैमानिक घडवण्यात सार्वजनिक क्षेत्राचा वाटा मोठा होता. त्या काळी सरकारी महामंडळाने घडवलेल्या वैमानिकाला ‘तू जनतेचे देणे लागतोस’ असे म्हणण्याचा अधिकार समाजाला होता. आज परवान्यासाठी लागणारे 200 तासांचे उड्डाण आणि त्यानंतर विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण यांचा खर्च प्रायः घरचे लोकच सोसतात. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिका किंवा अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंजच्या सरकारी अकादमीत शिका, आकडा लाखांच्या घरातच जातो. कुणाची जमीन गहाण पडते, कुणाचे राहते घर. ज्या राज्याने शिक्षणाची जबाबदारी बाजारावर ढकलली, त्यानेच शिकलेल्याने बाजाराच्या नियमाने वागू नये असा आग्रह धरावा, यात नीती नाही, सोय आहे.

हे लोक केवळ पैशासाठी जातात, हेही अर्धसत्य आहे. आखातात आयकर नाही, घरभाडे व मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळतो, हे खरेच. परंतु येथील कामाच्या तासांची कथाही ऐका. वैमानिकांचा थकवा कमी व्हावा म्हणून आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरणींवर कडक मर्यादा घालणारे नियम 2024 च्या जानेवारीत जाहीर झाले. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमलबजावणी लांबली. अखेर दिल्ली उच्च न्यायालयापुढे प्रकरण गेल्यावर 2025 च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरमध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही तिने पुरेसे वैमानिक नेमले नव्हते. आणि सरकारने काय केले? त्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली! वैमानिकाने नियम मोडला तर तो सार्वजनिक हिताचा शत्रू. मक्तेदाराला नियम झेपला नाही, तर नियमालाच रजा.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक साधा विचार मांडला. संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसापुढे दोन वाटा असतात : आवाज उठवणे किंवा बाहेर पडणे. आपल्या वैमानिकांच्या आवाजाचे काय झाले? 2011 मध्ये एअर इंडियातील पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला, तेव्हा व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. 2012 मध्ये तेथेच दुसऱ्या गटाचा संप सुमारे दोन महिने चालला. त्यात अनेकांना बडतर्फ केले गेले. एकत्र येऊन बोलावे तर संप बेकायदा, एकट्याने उठून जावे तर राजीनामा देशविरोधी. मग माणसाने करायचे तरी काय? ज्यांनी आवाजाची वाट बंद केली, त्यांनीच बाहेर पडण्याच्या वाटेवरील गर्दीबद्दल गळा काढावा, हा शुद्ध दांभिकपणा आहे.

याचा अर्थ रात्रीतून निघून जाणारा वैमानिक हा आपला वीरपुरुष आहे, असा मुळीच नाही. सहवैमानिकाचा कॅप्टन होण्यास कित्येक वर्षे लागतात; त्या वर्षांत कंपनीचा पैसा आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांचे श्रम खर्ची पडलेले असतात. एक कॅप्टन अवचित गेला की त्याच्या वाटची उड्डाणे मागे राहिलेल्यांच्या माथी येतात. रद्द झालेल्या विमानापायी चिडलेल्या प्रवाशाच्या शिव्या खातो तो खिडकीवरचा कंत्राटी मुलगा, संचालक नव्हे. पाठीवर सामान वाहणाऱ्या हमालाला दुबईच्या कंपनीचे नियुक्तिपत्र येत नाही. म्हणून अचानक जाण्याची ही वाट व्यक्तीला सोडवते, वर्गाला नाही. वैमानिकांतील आपल्या मित्रांना हे आपण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु ते सांगण्याचा अधिकार, जो त्यांच्या संघटनेच्या बाजूने उभा राहील, त्यालाच आहे. पासपोर्ट जप्त करा म्हणणाऱ्याला नाही. आज पासपोर्ट वैमानिकाचा जाईल, उद्या परिचारिकेचा, परवा आखातात निघालेल्या गवंड्याचा.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी असावी. तीन महिने पुरेत. कंपनी बुडाली तरी पगार बुडू नये म्हणून प्रत्येक विमान कंपनीने काही महिन्यांचे वेतन स्वतंत्र निधीत आगाऊ ठेवावे. विश्रांतीच्या नियमांतून कोणालाही, कितीही मोठा असो, सूट नसावी. सरकारी खर्चाने शिकवणाऱ्या संस्था वाढवाव्यात आणि तेथे शिकणाऱ्यांकडून मर्यादित काळाच्या सेवेचे वचन घ्यावे. ते वचन न्याय्य ठरेल, कारण त्यामागे जनतेचा पैसा असेल. जगदीश भगवती यांनी 1970 च्या दशकात परदेशी जाणाऱ्या सुशिक्षितांच्या उत्पन्नावर कर बसवण्याची कल्पना मांडली होती. त्यांचा माझा मार्ग एक नव्हे. पण तयार माणूस नेणाऱ्याने त्याच्या घडणीची किंमत मोजावी, हे तत्त्व ग्राह्य आहे. ती किंमत नेणाऱ्या कंपनीकडून वसूल करा, जाणाऱ्या माणसाच्या पायात बेडी घालून नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅप्टनपासून हमालापर्यंत सर्वांच्या संघटनेला मान्यता मिळून संपूर्ण उद्योगाशी एकत्र वाटाघाटी व्हाव्यात.

वैमानिकाचा पगार आपल्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांत खुपतो, हे मी समजू शकतो. परंतु श्रमिकाचे स्वातंत्र्य त्याच्या पगाराच्या आकड्यावरून मोजायचे नसते. ज्या दोरीने आज लाखाच्या पगारदाराला बांधाल, तीच दोरी उद्या दहा हजारांच्या पगारदारासाठी तयार असेल; आणि तिची गाठ अधिक आवळलेली असेल. पुढच्या अभ्यासवर्गात ‘पळून कोण गेले?’ असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी त्या तीन बंद कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आठवावे, एवढीच विनंती.