अळणी सूप आणि कोरडी वाइन

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हटले की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण काकांच्या बाराशे वर्षे आधीही हे गाव ‘तगर’ या नावाने दूरदेशी ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितले आहे. तेथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई. आणि भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाची जी यादी त्या ग्रंथात आहे, तिच्यात पहिले नाव मद्याचे. त्यातही पसंती इटलीच्या मद्याला! तेव्हा या मुलखाच्या व्यापारात वाइन हा विषय काही कालचा नव्हे.

आता पुण्या-मुंबईहून दिवाळीला आलेला मुलगा किंवा जावई मिठाईच्या डब्याबरोबर पांढऱ्या वाइनची एक बाटली आणतो. नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हापासून अशा बाटल्या मध्यमवर्गीय घरांना पाहून तरी माहीत झाल्या आहेत. बाटलीवर ‘ड्राय’ असे लिहिलेले असते आणि सासूबाई विचारतात, “पातळ पदार्थ कोरडा कसा?” प्रश्न रास्त आहे. द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. जवळजवळ सगळी साखर संपली, लिटरला चारेक ग्रॅमच उरली, की ती वाइन ड्राय. गोडी गेली की मागे राहतो तो द्राक्षाचा आंबटपणा. तुळजापूरकडच्या मळ्यांतली बिनबियांची द्राक्षे खाण्याची. वाइनची द्राक्षे वेगळी, लहान, बियांची आणि जाड सालीची.

गोरोबाकाका संतांची मडकी थापटून कच्चे-पक्के ठरवीत, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. काकांची क्षमा मागून म्हणते, वाइनची थापटणीही अशीच करावी. पेला तिसरा हिस्साच भरावा, देठाला धरावा, जरा गोल फिरवून नाकाशी न्यावा. सोव्हिन्याँ ब्लाँ असेल तर हिरव्या मिरचीचा, पेरूचा, लिंबाचा वास येतो. शनाँ ब्लाँ असेल तर सफरचंदाची आठवण होते. मग एक घोट तोंडात घोळवावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर आंबटपणा जिवंत आहे. गिळल्यावर चव लगेच विझली तर मडके कच्चे! वाइन आठ ते दहा अंशांवर गार असावी; फ्रीजमधून काढून दहा मिनिटे थांबावे. अगदी बर्फासारखी गार असली तर वासच येत नाही, आणि वाईट वाइन लपवायची असेल तेव्हा ही युक्ती बरी पडते.

खरा पेच पुढेच आहे. जेवणाला मटण आहे. उस्मानाबादी शेळीचे मटण, वर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. जावईबापू हळूच सुचवतात, “आई, आज तिखट थोडे कमी करा, वाइनशी जमायला हवे.” माझे मत विचाराल तर मुळीच कमी करू नये. एका बाटलीसाठी घरची चव बदलायची हा उलटा न्याय झाला. अल्कोहोल तिखट अधिक भडकवते, आणि काळ्या मसाल्यापुढे त्या नाजूक वासाचे नाव उरत नाही. दोघांचेही नुकसान.

मात्र त्याच मटणाचा एक टप्पा असा आहे की तेथे ही वाइन शोभते. मसाला पडण्यापूर्वी हळद, मीठ, आले-लसणावर मटण शिजते आणि अळणी सूप निघते, जे आपण पोरांना वाटीतून देतो. त्यात लिंबू पिळले की तुपकट चव कशी मोकळी होते! वाइनचे कामही तेच. म्हणून माझा ठोकताळा असा की ज्या पदार्थावर तुम्ही लिंबू पिळाल, त्याच्याशी ही वाइन जमेल. सुपातले दोन तुकडे, तव्यावरची कलेजी, तळलेली मासळी यांच्याबरोबर घोट घ्यावा. पौषात हुरडा येईल तेव्हा त्याच्या हिरव्या गोडसर चवीशीही पाहावे. शेंगदाण्याची चटणी मात्र तिखट असेल तर दूर ठेवावी.

फराळाचे ताट तर उघड आहे. शेव, चकली, पातळ पोह्यांचा चिवडा यांच्या मीठ-तेलावर ती छान लागते. अनारसा किंवा करंजी खाऊन घोट घेतला की मात्र चिंचेचे पाणी प्याल्यासारखे वाटते आणि दोष वाइनला दिला जातो.

ज्या घराने दारूपायी एखादा माणूस गमावला आहे, तेथे बाटली उघडूच नये. जावयानेही रुसू नये. ज्यांना नको त्यांना सुपावर लिंबाची फोड पुरते. पिणाऱ्याला आपल्या राज्यात परवाना लागतो, हेही ध्यानात असावे. उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, तेव्हा बाटली त्याच रात्री संपवलीच पाहिजे असे नाही. रस्सा पानात पडला की पेला बाजूला सारावा आणि ताकाचा तांब्या पुढे घ्यावा.