कळते, पण वळत नाही



'कळते, पण वळत नाही' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला ऐकवतो. मी मात्र ती नोकरीभर स्वतःशीच घोकत आलो आहे. कंधार तालुक्यातील एका गावी पारावर कपाशीच्या फवारणीबद्दल बैठक घेतली होती. हातमोजे घाला, नाक-तोंड झाका, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, असे सारे समजावून सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी शिवारातून जातो तो काय, काल पुढे बसलेलेच एक गृहस्थ उघड्या अंगाने फवारत होते! विचारले तर म्हणाले, "कळतंय हो साहेब समदं, पर उकडायलंय किती!"

आपल्याला हसू येईल. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आठवले की हसू मावळते.

माणूस ऐकतो एक आणि वागतो दुसरे, असे का व्हावे? याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी अलीकडे एक नवे साधन हाती घेतले आहे. त्याला 'आभासी वास्तव' म्हणतात. डोळ्यांवर चष्म्यासारखी एक पेटी बांधतात. तिच्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे देखाव्याला खोली येते. मान वळवली की देखावाही वळतो. बसलेले असता खोलीत, पण वाटते रानात उभे आहोत.

आपले बुजगावणे तरी काय वेगळे? फरक इतकाच, की ते खोटे आहे हे कळले की पाखरू त्याच्याच डोक्यावर जाऊन बसते. माणसाचे तसे होत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पेटी बांधलेल्या माणसांना त्यांनी खोल खड्ड्याच्या काठावर उभे केले. खड्डा चित्रातला आहे, पायाखाली सपाट जमीन आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही त्यांच्या छातीची धडधड वाढली. खऱ्या विहिरीच्या काठावर उभे करून असे प्रयोग कसे करणार? इथे कोणाला इजा नाही, आणि प्रत्येकाला देखावा दिसतो तो अगदी एकच.

दुसरा प्रयोग आपल्या अधिक कामाचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सन जू आन व जेरेमी बेलेन्सन यांनी सहकाऱ्यासह तो केला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना झाड तोडण्याचे वर्णन वाचायला दिले. काहींनी पेटी बांधून आभासी जंगलात स्वतःच्या हाताने झाड तोडले. कागद जपून वापरला पाहिजे, हे दोन्ही गटांनी सारखेच मान्य केले. मग त्यांच्यासमोर पाणी सांडून ते कागदी रुमालांनी पुसण्याची वेळ आणली. झाड तोडलेल्यांनी सुमारे २० टक्के कमी रुमाल वापरले! तोंडाने दोघांचे म्हणणे एक होते, हात मात्र वेगळे चालले. मला माझी पारावरची बैठक आठवली. माना डोलल्या, एवढ्यावरच मी समाधान मानले होते.

ही पेटी आपल्या गावात नसली तरी अडत नाही. यंदा फवारणीपूर्वी घरीच एक प्रयोग करा. औषधासाठी कधीच न वापरलेला पंप घ्या. त्यात साधे पाणी भरून कपड्याची पातळ नीळ मिसळा. जुना पांढरा सदरा व पांढरा पायजमा घाला आणि रोजच्या सवयीप्रमाणे कपाशीच्या दोन तासांत फवारा. एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा वाऱ्याच्या विरुद्ध. मग घरातल्या माणसांसमोर उभे राहा. छातीवर, मांड्यांवर, मनगटावर आणि पंप गळत असेल तर पाठीवर किती निळे झाले, ते त्यांनाच मोजू द्या. नीळ दिसते, विष दिसत नाही, एवढाच काय तो फरक. माउलींनो, फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत का धुवायचे नाहीत, तेही तेव्हाच ध्यानात येईल.

आणि तो सदरा धुऊ नका. पंप ठेवता तिथेच खुंटीला टांगून ठेवा. उकाड्याच्या दिवशी पंप उचलताना त्याच्यावर नजर पडू द्या.