ग्लॉसी फोटो स्कॅन करताय? झाकण दाबू नका!

‘फोटो सपाट राहावा म्हणून स्कॅनरचं झाकण घट्ट दाबा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या कागदासाठी तो ठीक आहे. पण अल्बममधल्या चकचकीत प्रिंटसाठी तो चुकीचाच आहे.

असं का?
ग्लॉसी प्रिंट काचेला टेकली की मध्ये हवेचा अतिशय पातळ थर अडकतो. काचेवरून आणि प्रिंटवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि स्कॅनमध्ये रंगीत वलयं उमटतात. हीच ती ‘न्यूटनची वलयं’. पावसाळ्यात धोका आणखी वाढतो. प्रिंटवरचा जिलेटिनचा थर ओलावा शोषून मऊ होतो आणि काचेला चिकटतो. ओढून काढायला गेलात, तर चित्राचा थरच सुटू शकतो.

मग काय करायचं?
• काच आणि प्रिंट दोन्ही कोरडी, स्वच्छ हवीत.
• प्रिंटच्या चारही कडांखाली पातळ कार्डाच्या पट्ट्या ठेवा. प्रिंट काचेपासून किंचित वर राहते आणि वलयं येत नाहीत.
• सीसीडी स्कॅनरवर हा उपाय चालतो. सीआयएस स्कॅनरवर मात्र उचललेली प्रिंट धूसर येते. तिथे मोबाइलने वरून फोटो काढणं बरं. उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा घ्या, फ्लॅश बंद ठेवा.

अनेक घरांत निगेटिव्ह केव्हाच हरवल्या आहेत. आजीचा तो एकच फोटो उरला असेल, तर घाईपेक्षा कार्डाच्या चार पट्ट्या कापायला लागणारी पाच मिनिटं स्वस्त आहेत.