चिमुकला तांब्या

आमच्या भंडाऱ्यात पितळी भांड्यांना तोटा नाही. परवा आमची चार वर्षांची धाकटी तांब्यातून पेल्यात पाणी ओतीत होती. ‘सांडशील!’ म्हणून मी तांब्या हिसकावला. ‘मला येतं की, बाबा!’ ती रडवेली झाली. मराठीचा प्राध्यापक निरुत्तर!

मुलाला स्वतःच्या हातांनी करू द्यावे, हेच तर माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढून दाखविले. त्याला महागडी साधनेच हवीत असे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीच्या बालवाडीत शिंपले, खडे, बिया वापरल्या. आपल्याकडे तर धानही आहे, पितळही आहे. उणीव आहे ती आईबापांच्या धीराची.

मी तांब्या परत दिला. पाणी सांडलेच. फडके मात्र तिनेच आणले!