परीक्षा विहिरीच्या काठावर घ्या

पर्यावरण हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यांस सक्तीचा आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तसा निर्देश दिला आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याच न्यायालयास तो पुन्हा बजावावा लागला. तेव्हा कोठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम महाविद्यालयांत पोहोचला. तेव्हापासून किती विद्यार्थी या विषयात उत्तीर्ण झाले, याची नोंद विद्यापीठांच्या दप्तरी असेलच. परंतु त्यांपैकी किती जणांस आपल्या गावच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठते हे सांगता येईल? कोणत्याही गुणपत्रिकेत याचे उत्तर सापडणार नाही.

हा प्रश्न आम्ही हिंगोली जिल्ह्यास समोर ठेवून विचारीत आहोत. येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे इतक्यात विसरण्याजोगे नाही. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस आनंद आहे. पण हळद हे आठ-नऊ महिने शेत अडविणारे व पाणी मागणारे पीक. काढणीनंतर ती शिजविण्यास पुन्हा पाणी आणि जळण लागते. एक क्विंटल वाळलेली हळद बाजारात जाईपर्यंत किती पाणी व किती सरपण खर्ची पडले, याचा हिशेब जो विद्यार्थी बांधावर बसून मांडील, तो शाश्वत विकास शिकला असे आम्ही समजू. शब्द जड आहे. अर्थ इतकाच की आज वापरताना उद्याचे शिल्लक राहिले पाहिजे.

वर्गाबाहेर शिकण्याची सोय नाही, असेही नाही. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीत सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आजही चालू आहे: दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर. नव्या धोरणाने क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांसही श्रेयांक दिले आहेत. उणीव आहे ती मापाची. आपण तास मोजतो. रोप लावल्याचे छायाचित्र अहवालास जोडले जाते; दुसऱ्या उन्हाळ्यात ते रोप जगले की वाळले, हे पाहावयास बहुधा कोणी जात नाही. आम्ही स्वतः काही वर्षे शिक्षकी केली आहे. पाणी वाचविण्यावर उत्तम निबंध लिहिणारी मुले वाहता नळ ओलांडून घरी जाताना आम्ही पाहिली, आणि त्यांस पूर्ण गुणही आम्हीच दिले!

याहून मोठा अन्याय दुसराच आहे. ज्या मुलीने बालपणी डोक्यावर हंडा वाहिला, धुण्याचे पाणी जनावरांस व भांड्यांचे परसातील झाडास कसे पुरवावे हे जी आईकडून शिकली, तिच्या या ज्ञानास विद्यापीठात शून्य किंमत आहे. व्याख्या पाठ न झाल्याने ती याच विषयात मागे पडू शकते. युनेस्कोने २०१७ साली शाश्वततेच्या ज्या आठ क्षमता सांगितल्या, त्यांत साकल्याने विचार करणे, पुढचे परिणाम ओळखणे व इतरांसह काम करणे या आहेत. त्या तिच्या अंगी नाहीत, असे कोण म्हणेल?

मग मोजावे कसे? हिवरे बाजार हे गाव पावसाचे मोजमाप घेऊन दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. हेच काम चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटास एकेका गावी द्यावे. त्यांनी ऑक्टोबरात व मे महिन्यात ठराविक विहिरींत दोर सोडून पातळी नोंदवावी, उपशाचा अंदाज काढावा आणि तो ताळेबंद ग्रामसभेपुढे वाचावा. निम्मे गुण प्राध्यापकांनी द्यावेत, निम्मे ग्रामसभेने नेमलेल्या तिघांनी. त्यांत एक तरी पाणी भरणारी बाई असावी. गावकरी ओळखीपाळखीने गुण वाटतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून विद्यार्थ्यास स्वतःचे गाव देऊ नये आणि त्याच विहिरी पुढील वर्षी दुसऱ्या गटाने मोजाव्यात. खोटा आकडा फार काळ टिकणार नाही. प्राध्यापकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हेही आम्ही जाणतो; त्यासाठी अहवालांचे काही रकाने विद्यापीठाने खुशाल रद्द करावेत.

सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत, हिंगोली या पाच तालुक्यांपैकी एक तालुका निवडून आरंभ करता येईल. ऑक्टोबरची पहिली नोंद चुकली तर पूर्ण वर्ष वाया जाते. गावांची यादी पावसाळा संपण्यापूर्वी महाविद्यालयांच्या हाती पडली पाहिजे.