चॉकलेट घरचे, पण लादी कशाची?

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की घराघरांतल्या गृहिणींपुढे दोन प्रश्न उभे राहतात. नाताळच्या सुट्टीत मुलांना कशात गुंतवायचे? आणि नव्या वर्षाच्या निमित्ताने शेजारीपाजारी, मुलांच्या शिक्षिका, ऑफिसातले सहकारी यांना काय द्यायचे? केक म्हटला की ओव्हन आला, अंड्याचा-बिनअंड्याचा वाद आला. अशा वेळी चॉकलेटची लादी दोन्ही प्रश्न एकदमच सोडवते. चॉकलेट वितळवायचे, ट्रेमध्ये पातळ पसरायचे, वर सुकामेवा भुरभुरायचा आणि घट्ट झाले की हाताने वेडेवाकडे तुकडे मोडायचे. साचा नको, भट्टी नको. इंग्रजीत याला ‘चॉकलेट बार्क’ म्हणतात. बार्क म्हणजे झाडाची साल. मोडलेले खडबडीत तुकडे सालीसारखेच दिसतात.

अमेरिकेत नाताळच्या दिवसांत पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांचा चुरा घातलेली लादी घरोघर होते. फ्रान्समध्ये याच जातीच्या छोट्या चकत्या करतात. त्यांच्यावर बदाम, हेझलनट, अंजीर आणि मनुका असा चौरंगी मेवा असतो. भिक्षेवर जगणाऱ्या चार ख्रिस्ती संन्यासी पंथांच्या वस्त्रांचे हे रंग, असे तिथली परंपरा सांगते. पण एवढ्या लांब कशाला जायचे? उटीला जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रकार पाहिलेला असतो. तिथल्या दुकानांत मोठमोठ्या ट्रेमध्ये काजू-मनुका घातलेल्या लाद्या मांडलेल्या असतात आणि तुकडे वजनावर मिळतात. तिथे हा धंदा बहरण्यामागे नुसती पर्यटकांची गर्दी नाही. सुमारे २,२०० मीटर उंचीवरची थंड हवा हे चॉकलेटचे अर्धे काम फुकटात करून देते.

आपल्याकडे मात्र गोंधळ होतो तो दुकानातच. बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन “चॉकलेटची लादी द्या” म्हटले की दुकानदार बहुतेक वेळा पुढे करतो ते कंपाऊंड. रंग तोच, वास बराचसा तसाच, किंमत मात्र निम्म्याच्याही आसपास. कंपाऊंड म्हणजे कोको पावडर, साखर आणि वनस्पती तुपाच्या जातीचा, बहुधा पामच्या गरापासून काढलेला स्निग्ध पदार्थ. खऱ्या चॉकलेटमधला स्निग्धांश असतो कोकोच्या बियांमधूनच निघालेला, म्हणजे कोको बटर. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरासे खाली, पूर्ण वितळते. म्हणून असली चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते आणि मागे काही राहत नाही. कंपाऊंड तोंडात घोळवावे लागते आणि टाळ्याला मेणासारखा थर चिकटून राहतो. भेट घेणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण दुसरा तुकडा उचलायला हात पुढे होत नाही.

ओळखायचे कसे? वेष्टन उलटे करून घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. त्यात कोको मास, कोको बटर ही नावे असतील तर ते चॉकलेट. ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ आणि कोको सॉलिड्स एवढेच असेल तर कंपाऊंड. कंपाऊंड खाणे म्हणजे विष खाणे, असा अर्थ कुणी काढू नये. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. तरीही त्यातला संपृक्त स्निग्धांश भरपूरच असतो. खरा आक्षेप वेगळा आहे. ‘घरचे, शुद्ध’ म्हणून जे दिले जाते ते नेमके काय, हे देणाऱ्याला स्वतःला तरी ठाऊक असायला हवे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. असे झाले की कोको बटर काढून दुसरे काही घालण्याचा मोह वाढतो. कारखान्यांनाही, आणि घरगुती ऑर्डरी घेणाऱ्यांनाही.

मग सगळे खरेच चॉकलेट का वापरत नाहीत? किंमत हे एक कारण. दुसरे कारण असे की कोको बटर लहरी आहे.

तूप कढवणारी कुठलीही गृहिणी ही लहर चटकन समजू शकेल. कढवलेले तूप सावकाश निवू दिले तर रवाळ होते, फ्रीजमध्ये झटकन गार केले तर गुळगुळीत गोळा होतो. तूप तेच, पण स्निग्ध पदार्थाचे कण कसे जुळले यावर पोत ठरतो. कोको बटरचे कण तर सहा प्रकारे जुळू शकतात. त्यातल्या एकाच प्रकारात चॉकलेटला चकाकी येते, मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो आणि बोटांना लगेच चिकटत नाही. वितळवलेले चॉकलेट नुसतेच ओतून ठेवले तर चुकीचे कण तयार होतात, लादी मऊ राहते आणि दोन-चार दिवसांत तिच्यावर पांढुरके पट्टे उठतात. योग्य कण जुळवून आणण्याच्या या क्रियेला टेंपरिंग म्हणतात. घरी ती जमते, पण एकतारी पाकासारखे तिथे उभे राहून लक्ष द्यावे लागते.

साहित्य: ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट (कोको बटर असलेले), सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भाजलेला सुकामेवा, चिमूटभर जाडे मीठ. एवढे चॉकलेट साधारण ३० बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर जाडीचे बसते. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असेल तर फारच उत्तम.

कृती: चॉकलेट सुरीने बारीक चिरून घ्यावे. त्यातला एक तृतीयांश भाग बाजूला ठेवावा. पातेल्यात दोन बोटे पाणी गरम करून गॅस बंद करावा आणि त्यावर कोरडे स्टीलचे भांडे असे बसवावे की बुडाला पाणी लागणार नाही. त्यात उरलेले चॉकलेट घालून हलवत वितळवावे. ४५ अंशांपर्यंत तापू द्यावे, ५० च्या पुढे मुळीच नको. आता भांडे उतरवून बूड पुसावे आणि बाजूला ठेवलेले चॉकलेट थोडे थोडे घालत सतत ढवळावे. दह्याला विरजण लावावे तसेच हे काम आहे. न वितळवलेल्या तुकड्यांत योग्य कण असतात आणि ते बाकीच्यांना आपल्यासारखे जुळवून घेतात. डार्क चॉकलेट ३१ ते ३२ अंशांवर आले की तयार. मिल्क चॉकलेटला २९ ते ३०, पांढऱ्याला २८ ते २९ अंश लागतात.

थर्मामीटर नसेल तर वरच्या ओठाला थेंब लावून पाहावा. जरासा गार लागला पाहिजे. त्याहून खात्रीची परीक्षा सुरीची. सुरीचे टोक बुडवून पंख्याखाली धरावे. पाच मिनिटांत चकाकत घट्ट झाले तर गड जिंकला. नाही झाले तर आणखी थोडे चिरलेले चॉकलेट घालून ढवळावे. पुन्हा फसले तरी चॉकलेट वाया जात नाही, पहिल्यापासून वितळवून सुरुवात करता येते. मग बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये ओतून, ट्रे दोनदा ओट्यावर आपटून हवा काढावी आणि लगेच मेवा पसरून हलकेच दाबावा. मिठाचे चार कण सर्वांत शेवटी.

या सगळ्यात पाण्याचा एक थेंब वैरी ठरतो. ओला चमचा, झाकणावरून गळलेली वाफ, नुकतीच धुतलेली सुरी यातले काहीही पुरते, आणि वितळलेले चॉकलेट क्षणात रेतीच्या गोळ्यासारखे होते. साखर आणि कोकोचे कोरडे कण त्या ओलाव्याने एकमेकांना धरून बसतात. असे झाले तर लादीचा नाद सोडावा आणि गरम दूध थोडे थोडे घालून घोटावे. सुरेख सॉस होतो, आइस्क्रीमवर घालायला मुलांना हवाच असतो.

म्हणूनच वर घालायचे पदार्थही खडखडीत कोरडे हवेत. ताजी स्ट्रॉबेरी किंवा डाळिंबाचे दाणे फोटोत छान दिसतात, घरात दुसऱ्या दिवशी ओले डाग पाडतात. फ्रीजमधून काढलेले काजू थेट टाकू नयेत. त्यांच्यावर दव धरते. भाजून पूर्ण निवलेले बदाम, वेंगुर्ल्याचे काजू, पिस्ते, तीळ, सुक्या खोबऱ्याचे परतलेले काप, राजगिऱ्याच्या लाह्या, पाकवून वाळवलेली संत्र्याची साल, यातले दोन-तीनच निवडावेत. सगळे एकदम घातले तर चॉकलेटचा चिवडा होतो. गोव्यात बेबिंका, दोदोल, नेवऱ्यांच्या शेजारी नाताळच्या ताटात ठेवायची तर काजू आणि खोबरे यांची जोडी शोभून दिसते.

हवेचे काय करायचे? लादी घट्ट व्हायला १८ ते २० अंशांची खोली आदर्श. पुणे, नाशिक, नागपूर इथे डिसेंबरच्या रात्री ती आपोआप मिळते. मुंबई-कोकणात रात्री उशिरा किंवा पहाटे काम उरकावे, नाहीतर एसीच्या खोलीत. फारच नाइलाज झाला तर ट्रे दहा मिनिटे फ्रीजमध्ये चालतो, रात्रभर नाही. उघडी ठेवलेली गार लादी बाहेर काढली की तिच्यावर ओलावा जमतो, साखर विरघळून पुन्हा वर येते आणि खरखरीत पांढरी बुकी दिसू लागते. पट्टे गुळगुळीत असून बोटाच्या उबेने नाहीसे झाले तर तो कोको बटरचा थर, खरखरीत असला तर साखरेचा. यापैकी कुठलाही बुरशी नव्हे. कितीतरी घरांत चांगले चॉकलेट बुरशी समजून कचऱ्यात जाते.

आता कंपाऊंडची बाजूही मांडली पाहिजे. त्याला टेंपरिंग लागत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना पहिल्यांदाच हाताशी घ्यायचे असेल, किंवा अकोल्यात ऐन मे महिन्यात वाढदिवस असेल, तर खुशाल कंपाऊंड घ्यावे आणि थोड्याच प्रमाणात करावे. मात्र काटकसर म्हणून अर्धे हे, अर्धे ते असे मिसळू नये. दोन जातींच्या स्निग्ध पदार्थांचे एकमेकांशी पटत नाही. लादी मऊ पडते आणि पांढुरके डागही लवकर धरते. पैसे दोन्हीकडून जातात.

दिवाळी-नाताळात ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणींना ही माहिती अधिकच जपावी लागते. घरून विकायचे तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी, आणि डब्यावरच्या चिठ्ठीत काय काय घातले ते लिहायला हवे. शेजारची बाई निम्म्या भावात देते म्हणून गिऱ्हाईक तुटले, ही तक्रार नेहमीची. पण ‘कोको बटरचे चॉकलेट’ हे तीन शब्द चिठ्ठीवर छापले आणि चवीला एक तुकडा हातावर ठेवला, तर भावातला फरक गिऱ्हाइकाला समजावत बसावे लागत नाही. कंपाऊंड असेल तर तसे लिहून कमी भाव लावण्यातही कमीपणा नाही. शेंगदाणे, काजू, बदाम, तीळ यांचा उल्लेख तर टाळूच नये. कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते आणि ती जिवावर बेतू शकते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खा मेवा न घालता बारीक पूड घालावी, घशात अडकायला नको. घरात कुत्रा असेल तर ट्रे उंचावर. कोकोतले थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी ठरते आणि चॉकलेट जितके गडद तितके ते जास्त.

तुकडे हवाबंद डब्यात बटर पेपरचे थर घालून ठेवावेत. मसाल्याच्या किंवा हिंगाच्या कपाटात नको, चॉकलेट वास ओढून घेते. थंड जागी ते दोन-तीन आठवडे सहज टिकतात. मोडताना ट्रेमध्ये उरलेला चुरा बशीत जमवावा आणि रात्री सर्वांसाठी गरम दुधात घालावा.